वडिलांचा पाच नंबरचा रंधा: फोटोत लोखंड लोखंडासारखे दिसावे यासाठी काय करावे?

ढलपी-भुसा (जुळे सोलापूर), ९ जून

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे स्टॅन्लेचा पाच नंबरचा लोखंडी रंधा आहे. लांबी १४ इंच, पाते २ इंच रुंदीचे, आणि बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) अंगावर ‘बेली’, नंबर व ‘मेड इन इंग्लंड’ अशी अक्षरे ओतलेली आहेत. रंधा माझ्या वडिलांचा. ते येथल्या एका कापडगिरणीच्या सुतारखात्यात होते. मागांचे जे जे लाकडी भाग झिजत किंवा फुटत, ते नव्याने तासून बसवण्याचे काम त्या खात्याकडे असे. गिरणीची हत्यारे गिरणीतच राहिली, पण हा रंधा त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला होता, त्यामुळे तो घरी आला. मी नोकरीतून मोकळा झाल्यावर सुतारकामाचा छंद लावून घेतला आणि गेली चार वर्षे तोच वापरतो आहे.

पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या काही छंदी मित्रांना तो नीट दाखवायचा आहे. त्यांना रंध्यातले कळते, त्यामुळे ‘छान आहे’ एवढ्यावर त्यांचे भागणार नाही. मी मोबाइलवर तीस-चाळीस फोटो काढले, आणि त्यांतला एकही पाठवावा असा वाटला नाही. तळाच्या फोटोत छताचा पंखा आणि माझे डोके दिसते. बाजूच्या फोटोत अर्धे लोखंड पांढरेफटक आहे, तर उरलेले काळे. मूठ कोळशासारखी दिसते, आणि पात्यावरचा ठसा डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही फोटोत वाचता येत नाही. फ्लॅश लावला तर सगळेच बिघडते.

उजेड कोणता घ्यावा, खाली काय अंथरावे, मोबाइल पुरेल की कपाटातला जुना कॅमेरा काढावा, आणि फोटोआधी रंधा घासून चकचकीत करावा की आहे तसाच ठेवावा, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

पितळ आणि प्रकाश (पूर्व भाग, सोलापूर), ९ जून

मी भांड्यांच्या दुकानांसाठी फोटो काढतो. पितळी घागर आणि स्टीलचा डबा यांनी मला जे शिकवले, ते आपल्या रंध्यालाही लागू पडेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

लाकडावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून लाकूड कुठूनही पाहिले तरी लाकूडच दिसते. घासलेले बीड हा मात्र मंद आरसा आहे. उजेड ज्या कोनाने येतो, त्याच कोनाने परत जातो, आणि कॅमेऱ्याला दिसते ते बहुतांशी आजूबाजूच्या खोलीचे प्रतिबिंब असते. आपल्या फोटोतला पंखा ही चूक नव्हे. तळाला त्या वेळी पंखाच दिसत होता. तेव्हा रंध्यावर उजेड किती पाडावा हा विचार थोडा बाजूला ठेवा, आणि रंध्याच्या कोणत्या भागाला खोलीतले काय दिसते आहे ते आधी पाहा. कॅमेरा जिथे ठेवणार तिथे एक डोळा मिटून बसावे आणि दुसऱ्या कोणाला पांढरा कागद रंध्याभोवती फिरवायला सांगावे. कागद एका ठरावीक जागी आला की लोखंड एकदम उजळते. ती जागा सापडली की निम्मे काम झाले.

मांडणी साधी आहे. खिडकीवर मांजरपाटाचा एक पदर ताणून बांधा, म्हणजे खिडकीची चौकटच एक मोठा मऊ दिवा होईल. टेबल खिडकीपासून दोन-तीन फुटांवर ठेवा. टेबल जितके दूर न्याल, तितकी रंध्याच्या दृष्टीने खिडकी लहान होते आणि सावल्यांच्या कडा धारदार होतात. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा ड्रॉइंग पेपर किंवा थर्माकोलचा तुकडा उभा करा. पंखा दिसत असेल तर वरही एक कागद धरावा लागेल. फ्लॅश अजिबात नको. तो लहानसा दिवा लेन्सच्या अगदी शेजारी असल्यामुळे लोखंडावर पांढरा ठिपका उठतो आणि बाकीचे काळोखात जाते.

येथवर बहुतेक जण करतात आणि मग म्हणतात, रंधा राखेने माखल्यासारखा का दिसतो? कारण सगळीकडे पांढरेच असेल तर धातूला कडा उरत नाही. धातू धातूसारखा दिसतो तो उजळ आणि गडद पट्टे शेजारी शेजारी आले की. काळ्या कार्डाच्या दोन-दोन इंच रुंदीच्या पट्ट्या कापा आणि फोटोच्या चौकटीबाहेर, रंध्याच्या कडांजवळ उभ्या करा. त्यांची सडपातळ काळी रेघ कडेवर उतरते आणि १४ इंचांचे ते बीड एकदम वजनदार दिसू लागते. पट्टी अर्धा इंच सरकवली तरी फरक पडतो, त्यामुळे घाई करू नये.

आता खिडकी कोणती? छायाचित्रणाच्या पुस्तकांत ‘उत्तरेची खिडकी घ्या, तिच्यातून ऊन येत नाही’ असे सांगितलेले असते. हा नियम कर्कवृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला असलेल्या देशांचा आहे. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य दुपारी आपल्या अगदी डोक्यावर येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दिवसभर आकाशाच्या उत्तरेकडच्या भागातच फिरतो. २१ जूनला तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो, आणि दुपारीही माथ्याच्या सहाएक अंश उत्तरेला असतो. म्हणजे सध्या सकाळ-संध्याकाळ ऊन उत्तरेच्याच खिडकीतून तिरपे आत येणार, आणि पुस्तकातली ‘उत्तरेची खिडकी’ आपल्याकडे या दिवसांत दक्षिणेला आहे! डिसेंबरात हेच बरोबर उलटे होईल. जुन्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे आपण पाहिली असतील. त्यांची काच उत्तरेकडे ठेवत ती अशाच एकसारख्या उजेडासाठी. सूत मोजायला तो उजेड लागत असे.

मृगाचे ढग आले असतील तर त्यांच्यासारखा पडदा नाही. मग मांजरपाटही नको.

अंथरण्याबद्दल: सोलापुरी चादरीचा कितीही अभिमान असला तरी ती येथे नको. तिची नक्षी रंध्याच्या बाजूवर जशीच्या तशी उमटते, आणि पाहणाऱ्याची नजर रंधा सोडून चादरीवर जाते. टर्किश टॉवेल तर मुळीच नको, त्याचे तंतू पात्याला चिकटतात आणि मोठ्या केलेल्या फोटोत दोरखंडासारखे दिसतात. करड्या रंगाचे, चमक नसलेले जाड कार्ड सर्वांत बरे. पांढऱ्याशुभ्र कागदावर ठेवल्यास कॅमेरा फसतो, एवढा पांढरा पाहून तो फोटो काळवंडून टाकतो, आणि काळ्या कापडावर उलट जास्त उजळतो. तसे झाल्यास मोबाइलच्या पडद्यावर रंध्यावर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद होईल, आणि मग उजेडाची खूण वर-खाली सरकवून घ्या.

मोबाइल पुरतो. मात्र अगदी जवळ जाऊ नका. एक फुटावरून रंध्याच्या टोकाकडून फोटो घेतला, तर मागचे टोक कॅमेऱ्यापासून २६ इंचांवर असते, आणि ते पुढच्या टोकाच्या निम्म्याहूनही लहान दिसते. रंधा होडीसारखा दिसू लागतो. सहा फूट मागे जाऊन दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स वापरली, तर मागचे टोक पुढच्याच्या ८४ टक्के दिसते आणि आकार खरा वाटतो. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. तो मुठीची वळणे पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो.

मोगरी (बार्शी), १० जून

वरच्या प्रतिसादातले उजेडाचे सगळे मान्य आहे. मी सुतारकामाच्या बाजूने लिहितो, कारण आपल्या मित्रांना फोटो आवडण्यापेक्षा रंधा कळायला हवा आहे.

पहिली गोष्ट, घासू नका. पॉलिश पेपर लावलेला रंधा फोटोत नवा दिसतो, पण पाहणाऱ्याला तो किती वापरला, कुठे झिजला, तळ मूळचा आहे की कोणी पुन्हा घासून सपाट केला, हे काहीच समजत नाही. कोरड्या ब्रशने भुसा काढा, जुन्या सुती कापडाला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब लावून पुसा, आणि मग कोरड्या कापडाने ते तेलही काढून टाका, नाहीतर उजेडात तेलाचे फराटे दिसतात. फोटो काढताना हातात मोजे घाला. पायातले धुतलेले सुती मोजेही चालतात. बोटांच्या घामातले क्षार बिडावर बसतात आणि पावसाळी हवेत दोन दिवसांत तिथे बोटाचाच तांबडा ठसा उठतो. मुठीला जवसाचे तेल लावायचे असेल तर फोटोनंतर लावा, आणि त्याची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल सुकताना तापते, आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवावी.

दुसरी गोष्ट, एकच देखणा फोटो पुरणार नाही. मला कोणी असा रंधा दाखवला तर मी सर्वांत आधी तोंड पाहीन, म्हणजे तळावरची ती फट, जिच्यातून पाते बाहेर येते. बीड ठिसूळ असते. रंधा फरशीवर पडला तर तोंडाच्या कोपऱ्यापासून कडेपर्यंत तडा जातो. म्हणून तळाचा एक फोटो पूर्ण, आणि एक फक्त तोंडाचा हवा. त्यानंतर दोन्ही बाजू, पाते व त्यावरची पट्टी सुटी करून, आणि पाते ज्या तिरप्या बैठकीवर टेकते ती फ्रॉग. पाते आडवे सरळ करण्याची कळ आणि मागचे पितळी चाक दिसले पाहिजे, कारण पाते खाली-वर करण्याची ती सोयच या रंध्यांची खरी ओळख आहे. ती लेनर्ड बेलीची कल्पना. स्टॅन्लेने त्याचे पेटंट १८६९ मध्ये घेतले आणि नाव अंगावर ठेवले. मुठीचा फोटो वेगळा घ्या आणि तो मुठीपुरता उजळ ठेवा, भले लोखंड जास्त पांढरे होवो. काही रंध्यांना शिसवी जातीच्या लाकडाच्या मुठी असतात, तर काहींना रंग दिलेल्या बीचच्या. रेषा दिसल्या तरच ते ओळखता येते.

ठशासाठी उजेड समोरून नको. खोली अंधारी करा, पाते आडवे ठेवा आणि एकच विजेरी अगदी खालून, पात्याला जवळजवळ घासून जाईल अशी बाजूने धरा. दाबून उमटवलेल्या अक्षरांच्या एका कडेला उजेड, दुसऱ्या कडेला सावली पडते, आणि पुसट ठसाही वाचता येतो. आपण तळ सपाट आहे का हे पाहताना पट्टी उभी धरून मागून उजेड पाहतो, त्यातलाच हा प्रकार. शेजारी पोलादी फूटपट्टी ठेवायची तर ती पात्याच्याच उंचीवर ठेवा. खाली टेबलावर ठेवलेली पट्टी माप कमी-जास्त दाखवते.

एक वाद येणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. पाते बाहेर असलेला रंधा तळावर उभा ठेवून फोटो काढला, तर कोणीतरी ‘रंधा नेहमी कुशीवर ठेवावा’ असे हमखास लिहील. माझे गुरू कुशीवर ठेवत, मी लाकडावर तळ टेकवूनच ठेवतो. फोटोत मात्र पाते आत ओढून घ्या, म्हणजे कार्डही कापले जाणार नाही आणि वादही टळेल.

दोनशे वॅट (होटगी रोड), १० जून

थोडक्यात दोन मुद्दे. रात्री एलईडी दिव्यात फोटो काढल्यास कधी कधी आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवल्यास पट्टे जातात. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र मात्र ठेवू नका, लोखंडाचा एक भाग निळसर आणि दुसरा पिवळसर येतो आणि तो नंतर नीट करता येत नाही.

जुन्या कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर असेल तर त्याची मर्यादा लक्षात ठेवा. रंध्याच्या आतल्या बाजूचा काळा चकचकीत लेप आणि मुठीवरचे पॉलिश यांची चमक तो कमी करतो, पण उघड्या लोखंडाच्या चमकेवर त्याचा उपयोग होत नाही. अनेक जण फिल्टर विकत घेतात आणि मग निराश होतात. मीही घेतला आहे. कॅमेरा तिपाईवर, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ १००, लेन्सचे छिद्र एफ ८ ते ११. एफ २२ वर गेल्यास पुढून मागपर्यंत जास्त भाग फोकसमध्ये येतो, पण सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

ढलपी-भुसा, १२ जून

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरेची खिडकी सोडून दक्षिणेच्या खोलीत टेबल नेले, घरच्यांनी मांजरपाट कशाला बांधले असे विचारले, आणि आठ फोटो चांगले आले. काळ्या पट्ट्यांनी तर जादूच केली. पहिल्या दोन फोटोंत माझ्या चौकड्यांच्या शर्टाचे प्रतिबिंब बाजूवर उतरले होते. शर्ट बदलून पांढरा बनियन घातला, तेव्हा ते गेले.

मात्र चांगल्या फोटोंनी दोन नव्या काळज्या दिल्या. पात्याच्या धारेच्या फोटोत डाव्या कोपऱ्याला केसाएवढी पांढरी रेघ दिसते. आणि तळाच्या फोटोत तोंडाच्या एका कोपऱ्यापासून कडेकडे जाणारी, साधारण पाऊण इंचाची काळी रेघ आहे. चार वर्षे हा रंधा हाताळूनही ती मला कधी दिसली नव्हती. हा तडा आहे की ओरखडा, हे कळत नाही. वडिलांनी तो कधी पाडला असेल असे वाटत नाही, पण गिरणीत चाळीस माणसांच्या हातातून तो गेला असणार.

मोगरी, १२ जून

पांढऱ्या रेघेचे उत्तर सोपे आहे, आणि थोडे लाजिरवाणेही. खरी धार इतकी बारीक असते की तिच्यावरून उजेड परतत नाही, म्हणून ती दिसतच नाही. पांढरी रेघ दिसते तिथे धार बोथट झालेली असते. जुने सुतार पाते खिडकीकडे धरून हेच पाहतात, आपल्या कॅमेऱ्याने तेवढेच केले.

काळ्या रेघेसाठी दोन चाचण्या करा. पहिली उजेडाची: विजेरी आधी रेघेला आडवी आणि मग रेघेच्या दिशेने धरून, कॅमेरा न हलवता दोन फोटो घ्या. ओरखडा उथळ असतो. उजेड त्याच्या लांबीच्या दिशेने गेला की तो फिका पडतो किंवा नाहीसा होतो. तडा खोल असल्याने काळाच राहतो. तळावर रंधा घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेने असतात, आणि आपली रेघ आडवी जाते, एवढ्यावरून मात्र घाबरू नका. खिळ्यावरून रंधा गेला की तिरपे ओरखडेही पडतात.

दुसरी चाचणी रॉकेलची. पाते व फ्रॉग काढून त्या भागावर रॉकेल लावा, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्या, मग कापडाने अगदी कोरडे पुसून खडूची बारीक पूड भुरभुरवा. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने वर येते आणि पांढऱ्या पुडीत ओली काळसर रेघ उमटते. रॉकेल मिळाले नाही तर पातळ मशीन ऑइल चालेल, फक्त वेळ जास्त द्या. घाईने पाहून निर्णय करू नका. आणि तडा निघालाच, तर तो तोंडापासून बाजूच्या भिंतीत चढला आहे का ते पाहा. तळापुरता थांबलेला लहान तडा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या चाललेले रंधे मी पाहिले आहेत, पण भिंतीत चढलेला तडा असेल तर तो रंधा जोर लावून वापरू नये.

पितळ आणि प्रकाश, १२ जून

मोगरी यांच्या चाचणीत एक भर घालतो. पूड भुरभुरल्यावर लगेच एक फोटो घ्या आणि अर्ध्या तासाने, टेबल वा रंधा जराही न हलवता, दुसरा घ्या. दोन्ही फोटो एकामागून एक पाहिले की डोळ्यांना न दिसणारी ओलही लक्षात येते.

ढलपी-भुसा, १४ जून

काल दोन्ही चाचण्या केल्या. विजेरी रेघेच्या दिशेने धरल्यावर रेघ जवळजवळ नाहीशी झाली. तरी मन मानेना, म्हणून खडूचीही चाचणी केली. शाळेचा खडू कुटून चहाच्या गाळणीने भुरभुरवला, आणि अर्ध्या तासाऐवजी तासभर थांबलो. पूड पांढरी ती पांढरीच राहिली. तो ओरखडाच आहे.

सात फोटो मित्रांना पाठवले आहेत, त्यांत ओरखड्याचाही आहे. धारेचा आठवा फोटो मागे ठेवला. पाते सोडवून धार लावायच्या पाथरीवर तेल घातले आहे, तो कोपरा पुन्हा लावल्यावर धारेचा फोटो नव्याने काढीन, आणि यावेळी बनियनही काळा घालीन.